वरचा थर

नारायणगावच्या बाजारात दोन तऱ्हेचा माल येतो. एक मुका आणि दुसरा बोलका. जुन्नर बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात येणारा टोमॅटो हा मुका माल. वीस किलोचं क्रेट, त्यात फळ, आणि त्यावर काहीही लिहिलेलं नाही. घेणारा हात आत घालतो, खालचं एखादं फळ वर काढतो, दाबून पाहतो आणि मग भाव बोलतो. त्याच रस्त्याला लागून असलेल्या किराणा दुकानांतला माल मात्र बोलका. तो पाकिटात बंद असतो. त्याला हात लावता येतो, पण आत हात घालता येत नाही. मग तो आपल्या वतीनं बोलणारं एक लेबल अंगावर लावून फळीवर बसतो. शुद्ध, ताजं, घरगुती, पौष्टिक, कोलेस्टेरॉलमुक्त, हलाल, सेंद्रिय, आईच्या हातचं.

मुका माल आपण तपासून घेतो. बोलका माल ऐकून घेतो. हा फरक दिसायला लहान आहे, पण आपल्या घरातला निम्म्याहून जास्त शिधा आता ऐकूनच घेतला जातो. म्हणून बोलणाऱ्याची नीयत काय आहे आणि ऐकणाऱ्याचं कर्तव्य काय आहे, हा प्रश्न केवळ ग्राहक पंचायतीचा राहत नाही. तो इमानाचा, म्हणजे सचोटीचा प्रश्न होतो. लेबल आपल्याला माहिती देतं की आपल्याऐवजी निवड करून टाकतं, आणि ते नेमकं कशाबद्दल बोलतं, मालाबद्दल की माणसाबद्दल, एवढ्या दोनच गोष्टींचा विचार आपण इथं करू.

बाजारात माल भरणाऱ्याला एक मोह नेहमीच होतो. चांगलं, लालभडक, एकसारखं फळ वर लावायचं आणि गोल्टी, डागी, मऊ पडलेलं फळ खाली घालायचं. ही गोष्ट टोमॅटोची नाही आणि आजचीही नाही. हदीसच्या संग्रहात मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग आला आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) धान्याच्या एका राशीजवळ थांबले, त्यांनी राशीत हात घातला आणि आतलं धान्य बोटांना ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसानं भिजलं. तेव्हा त्यांनी विचारलं, की मग ते ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, या आशयाचे शब्द ते बोलून गेले.

या प्रसंगात एक गोष्ट फार बारकाईनं पाहण्यासारखी आहे. त्या विक्रेत्यानं खोटं सांगितलेलं नव्हतं. धान्य कोरडं आहे असं तो म्हणाला नव्हता. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. वरचा थर कोरडा होता, आणि पाहणाऱ्यानं स्वतःच समजून घेतलं असतं, की सगळी रास कोरडी आहे. म्हणजे फसवणूक जिभेनं झाली नाही, मांडणीनं झाली. भिजलेलं धान्य विकायलाही तिथं मनाई झालेली नाही. ते वर ठेव आणि वीक, एवढंच सांगितलं गेलं. लेबलाचा सगळा नीतिविचार या प्रसंगात आहे असं आम्हाला वाटतं. कारण लेबल म्हणजे पाकिटाचा वरचा थरच.

हा वरचा थर माणसाच्या मनावर कसा काम करतो, याचा अभ्यास झालेला आहे. १९८८ साली अमेरिकेत लेविन आणि गेथ या दोन अभ्यासकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच खिम्याचं वर्णन त्यांनी दोन तऱ्हेनं केलं. काही जणांना सांगितलं, हा खिमा ७५ टक्के चरबीविरहित आहे. इतरांना सांगितलं, यात २५ टक्के चरबी आहे. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. पण पहिलं वाक्य ऐकणाऱ्यांना खिमा अधिक चांगला आणि कमी तेलकट वाटला. पुढं, ज्यांनी तो प्रत्यक्ष चाखला त्यांच्यात हा फरक कमी झाला. जिभेनं शब्दाला थोडंफार ताळ्यावर आणलं.

पण पाकिटाच्या व्यवहारात जिभेची पाळी पैसे दिल्यानंतर येते. शिवाय जीभ तरी सगळं कुठं सांगते? मीठ, साखर आणि तेल या तीन गोष्टी जिभेला आवडतात म्हणूनच तर त्या भरपूर घातलेल्या असतात. जी चूक जीभ पकडू शकत नाही ती लेबलानं सांगावी, ही अपेक्षा. आणि लेबल नेमकं तेवढंच गाळून बाकी सगळं सांगतं.

उदाहरणं शोधायला लांब जायला नको. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं आणि अजूनही कुठं कुठं दिसतं. कोलेस्टेरॉल हे प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. वनस्पतीच्या तेलात त्याचा प्रश्नच येत नाही. वाक्य खरं आहे, पण ते वाचून आपण तेलाची धार थोडी सैल सोडतो. २०१५ साली मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा चर्चा शिशाची झाली, पण अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आक्षेपांत पाकिटावरचे 'वेगळं एमएसजी घातलेलं नाही' या अर्थाचे शब्दही होते. पुढं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, पण एका लहानशा वाक्यावर केवढा भरवसा टाकलेला असतो, हे सगळ्यांना कळून चुकलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवलं, की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, कारण अन्नविषयक कायद्यात तसा प्रकारच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये फळांच्या रसाच्या खोक्यांवरचा 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगण्यात आलं, कारण त्यातला बराचसा रस आटवून घट्ट केलेला आणि नंतर पाणी घालून पूर्ववत केलेला असतो.

आमचा जुन्नर-आंबेगावचा पट्टा दुधाचा. म्हणून ऑगस्ट २०२४ मधली एक घटना इथं सांगितली पाहिजे. दूध आणि तुपावरचे 'ए वन', 'ए टू' हे दावे दिशाभूल करणारे आहेत, ते काढा, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणानं काढला आणि थोड्याच दिवसांत तो मागंही घेतला. गोठ्यातली गाय तीच राहिली, कासंडीतलं दूध तेच राहिलं. शब्द गेला आणि शब्द परत आला. घेणाऱ्यानं त्या आठवड्यात काय समजावं?

या सगळ्यात कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. पहिल्या तीन घटकांत साखर, मैदा आणि पाम तेल असेल, तर पुढच्या बाजूला बदामाचं चित्र कितीही मोठं असलं तरी आपण काय विकत घेतो आहोत ते उघड आहे. म्हणजे ओलं धान्य सांगितलेलं असतं, पण ते मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. वर ठेवलेलं नसतं.

चिली या देशानं ते वर ठेवायला लावलं. २०१६ पासून तिथं साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळा अष्टकोनी शिक्का असतो. त्याच्या जोडीला मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतल्या विक्रीवर निर्बंधही आले. नंतरच्या पाहणीत असे शिक्के पडलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे चौथ्या हिश्श्यानं घटल्याचं दिसलं. आपल्याकडं २०२२ साली जो मसुदा निघाला त्यात शिक्क्याऐवजी ताऱ्यांची कल्पना होती. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. आता तारा हे बक्षिसाचं चिन्ह. ज्याला अर्धाच तारा मिळाला तोसुद्धा शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखा फळीवर बसणार. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच्या इशाऱ्याबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. इशारा हवा की तारा हवा, हा प्रश्न छपाईचा नाही. ओलं धान्य वर ठेवायचं की नाही, हाच तो प्रश्न आहे.

आता नावाचं लेबल. नारायणगावच्या माणसाला याचं उदाहरण आपल्याच शिवारात सापडतं. १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांच्या कंपनीनं इथल्या द्राक्षमळ्यांच्या आधारानं फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाईन तयार करायला सुरुवात केली. आम्ही त्या बाटलीचे गिऱ्हाईक नव्हतो आणि नाही. पण त्या बाटलीवरचा कागद विचार करायला लावणारा होता. परदेशी जाणाऱ्या बाटलीवर नाव होतं 'ओमर खय्याम'. देशातल्या बाजारासाठीच्या बाटलीवर नाव होतं 'मार्क्विस द पॉम्पादूर', फ्रान्सच्या एका राजाच्या मर्जीतल्या स्त्रीचं. मळे नारायणगावचे, हात नारायणगावचे. पण लंडनच्या माणसाला पूर्वेचं स्वप्न हवं होतं म्हणून त्याला इराणचा कवी, आणि मुंबईच्या माणसाला पश्चिमेचं स्वप्न हवं होतं म्हणून त्याला फ्रान्सची सरदारीण. नारायणगाव कुणालाच नको होतं.

ओमर खय्याम हा अकराव्या-बाराव्या शतकातला निशापूरचा गणिती. घन समीकरणांवर त्यानं मूलभूत काम केलं, जलाली पंचांग तयार करणाऱ्यांत तो होता. १८५९ साली फिट्झेराल्डचा इंग्रजी अनुवाद निघाला, पुढं तो गाजला आणि जगाच्या लेखी खय्याम म्हणजे सुरई आणि पेला एवढंच उरलं. एका विद्वानाच्या आयुष्यावर एक लेबल चिकटलं आणि ते इतकं घट्ट बसलं, की आमच्या गावच्या बाटलीवर येईपर्यंत त्याखालचा माणूस पुसून गेला होता. पुढं ती कंपनी कर्जात बुडाली. पण लेबल पाकिटावर चिकटतं तसं माणसावरही चिकटतं, हे त्या बाटलीनं दाखवून दिलं.

इथून आपण अवघड भागाकडं येतो. आपल्या देशात पाकिटावर हिरवं आणि तपकिरी चिन्ह २००१-०२ च्या सुमारास आलं. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला, रंग ओळखता न येणाऱ्यांना फरक कळावा म्हणून. हे चिन्ह शाकाहारी ग्राहकांसाठी आलं, हे उघड आहे. पण त्याचा उपयोग आमच्या घरांतही झाला. बिस्किट, केक, गोळ्या, चॉकलेट घेताना कितीतरी मुसलमान बायाबापड्या हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होतात, कारण त्यात डुकराची चरबी किंवा हलाल नसलेल्या जनावराचा अंश नाही एवढं त्यातून कळतं. जैन शेजारणीसाठी काढलेल्या चिन्हावर मुसलमान आई विसंबते, ही या देशातली एक साधी आणि सुंदर गोष्ट आहे. अर्थात ते चिन्ह सगळं सांगत नाही. स्वादासाठी मद्यार्क वापरला आहे का, हे त्यातून कळत नाही. आणि तपकिरी त्रिकोण अंडं, मासा, कोंबडी आणि डुक्कर यांत भेद करत नाही.

घटकांच्या यादीतले आकडे तर आणखी मुके. ४७१ या आकड्यामागची स्निग्ध द्रव्यं वनस्पतीपासून येतात तशी जनावरांच्या चरबीपासूनही येऊ शकतात. ६३१ हा स्वाद वाढवणारा घटकही दोन्हीकडून येऊ शकतो. हे जाणून घेण्याचा हक्क मागायला या देशात कोण कोण गेलं ते पाहा. ओझेर हुसैन यांच्या याचिकेवर २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की खाद्यपदार्थच नव्हे तर सौंदर्यप्रसाधनं आणि औषधं यांत प्राणिज अंश आहे की नाही हे कळणं ग्राहकाचा हक्क आहे. पुढं २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की घटकाचं प्रमाण कितीही कमी असो, तो वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून, हे उघड लिहिलंच पाहिजे. या दुसऱ्या खटल्यातला अर्जदार होता राम गौ रक्षा दल नावाचा न्यास. एकीकडं हुसैन, दुसरीकडं गोरक्षा दल, आणि मागणी एकच, की आमच्या तोंडात काय जातं ते आम्हाला सांगा. ज्यांना एकमेकांचं तोंड पाहायचं नाही असं आपण समजतो, त्यांचे हक्क असे एकाच ओळीत उभे असतात.

मग हलालच्या शिक्क्याचं काय? हा शिक्का मुख्यतः निर्यातीच्या गरजेतून वाढला. इंडोनेशिया, मलेशिया आणि आखाती देश तो मागतात. देशातही ज्याला खात्री हवी त्याला त्याचा उपयोग आहे. पण आपण आपल्यालाच विचारलं पाहिजे, की जिथं शंकेला जागाच नाही अशा मालावर हा शिक्का काय सांगतो? तो ग्राहकाला माहिती देतो की केवळ त्याच्या भावनेला हाक मारतो? कुरआनात अन्नाच्या संदर्भात हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, स्वच्छ, हितकर. शिक्का पहिल्या शब्दाचा मिळतो, दुसऱ्या शब्दाचा कुणी देत नाही. खारट, तळकट, रंग घातलेल्या कुरकुरीत पदार्थावर हलाल लिहिलं म्हणून तो लेकराच्या पोटाला तय्यब होत नाही. कोंबडी रीतीप्रमाणं कापली, पण दुकानाची मोरी उघडी आहे, काटा हलका आहे आणि कामाला ठेवलेल्या पोराची मजुरी थकवलेली आहे, तर त्या मांसाला कोणता शिक्का लावायचा? माप मारणाऱ्यांना कुरआनात किती कडक शब्दांत बजावलं आहे हे आपल्याला माहीत आहे. तरी आपली नजर सुरीवर जेवढी खिळते तेवढी तराजूवर खिळत नाही.

शिक्क्याला होणारा विरोधही तपासू. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली आणि निर्यातीला त्यातून वगळलं. म्हणजे परदेशातल्या ग्राहकानं विचारलं तर सांगायचं, घरातल्यानं विचारलं तर नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात मंत्री नितेश राणे यांच्या पुढाकारानं झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर झालं. यावर आमच्यातल्या अनेकांनी राग व्यक्त केला. पण न्यायानं बोलायचं तर झटका मटण मागणाऱ्याला त्याचं लेबल मागण्याचा तेवढाच हक्क आहे. शीख धर्मात तर तशी मर्यादाच आहे. आम्हाला जे जाणून घ्यायचं आहे ते दुसऱ्याला जाणून घेता येऊ नये, असं आम्ही म्हणू शकत नाही. आमचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. ही दुकानं फक्त हिंदूंचीच असतील, असंही त्याच वेळी सांगितलं गेलं. इथं लेबल मांसावरून उठलं आणि माणसावर जाऊन बसलं.

हे अंतर एका पावलाचंच आहे, पण ते पाऊल टाकलं की सगळं बदलतं. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या भीतीच्या दिवसांत, जमशेदपूरला काही फळांच्या दुकानांवर 'हिंदू फळ दुकान' असे फलक लागले होते आणि पोलिसांनी ते काढले. केळ्याला धर्म नसतो, त्यामुळं त्या फलकातून केळ्याबद्दल काहीच कळत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये मुझफ्फरनगरला कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकांची आणि नोकरांची नावं दर्शनी लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती देताना जो भेद केला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं हे लिहायला सांगता येईल, पण मालकाचं किंवा कामगाराचं नाव लिहायची सक्ती करता येणार नाही.

कुणी म्हणेल, ग्राहकाला जाणून घ्यायचं असेल तर नाव सांगण्यात काय वाईट आहे? उत्तर असं, की जाणून घेण्याचा हक्क वस्तूबरोबर जन्माला येतो. मी जे खातो ते माझ्या शरीरात जातं, म्हणून त्याबद्दल विचारायचा मला अधिकार आहे. वाढणाऱ्याचा धर्म माझ्या शरीरात जात नाही. त्याचे हात धुतलेले आहेत का, हे मी विचारू शकतो. ते हात नमाजसाठी धुतले की पूजेसाठी, हे विचारण्याचं मला कारण नाही. आणि हा नियम आम्हालाही लागू आहे. पाटीवरचं नाव आपल्यातलं आहे म्हणून डोळे मिटून मांस घेणारे आणि नाव परकं आहे म्हणून चहासुद्धा न घेणारे आपल्यातही आहेत. तेही लेबल मालाचं नाही, माणसाचंच वाचतात.

जिथं खरं लेबल नसतं तिथं अफवा लेबल होऊन बसते, हेही आम्ही पाहिलं आहे. मे २०२० मध्ये टोमॅटोवरच्या विषाणूच्या बातम्या आल्या आणि तो माणसालाही बाधेल अशी भीती पसरली. झाडाचा तो रोग झाडाचाच होता, माणसाला त्याचा धोका नव्हता. पण क्रेटवर तसं लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी कुणी वाचलं असतं? राज्यातल्या टोमॅटो उत्पादकांना फटका बसायचा तो बसला. तीन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, नारायणगावात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं तेव्हा त्याच फळाबद्दल कुणाला शंका नव्हती. शेतकऱ्याच्या मालाला भीतीचं लेबल लावायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ते काढायची जबाबदारीही कुणाची नसते.

आमच्या भागातली द्राक्षं मात्र बोलायला शिकली आहेत. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीवरून तो माल कोणत्या बागेतला, हे शोधून काढता येतं. बागेची नोंदणी होते, औषधाच्या अंशाची तपासणी होते. २०१० साली क्लोरमेक्वाट या द्रव्याच्या अंशामुळं भारतीय द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा बागायतदारांना मोठं नुकसान सोसावं लागलं, आणि नोंदी ठेवण्याची शिस्त आणखी कडक झाली. ही व्यवस्था चांगली आहे. प्रश्न एवढाच, की हॉलंडच्या मुलाला जे कळतं ते पुणे-नाशिक रस्त्यावरच्या हातगाडीवर द्राक्षं घेणाऱ्या वारुळवाडीच्या मुलाच्या आईला का कळू नये? सत्य हासुद्धा निर्यातीचाच माल आहे का?

याच अंगानं आणखी दोन गोष्टी. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की कायदा भागतो. मराठी असायलाच हवी अशी अट त्यात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला तिच्याच गावात विकल्या जाणाऱ्या पाकिटाची मागची बाजू वाचता येत नाही. आणि शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पाकिटाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. म्हणजे रुपया-दोन रुपयांची जी पुडी गरिबाचं पोर सर्वांत जास्त वेळा विकत घेतं, तीच सर्वांत कमी बोलते.

तर मग लेबलाला काय विचारायचं? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे वस्तूबद्दल बोलतं की माणसाबद्दल? जे सांगतं ते पडताळून पाहता येतं का? आणि जे लपवावंसं वाटतं तेही ते वर ठेवतं का? या तीन प्रश्नांत हिरवा ठिपका बराचसा उतरतो, हलालचा शिक्का काही वेळा उतरतो आणि काही वेळा नाही, झटक्याचंही तसंच, 'पौष्टिक' आणि 'घरगुती' हे शब्द बहुधा नापास होतात, आणि दुकानावरची धर्माची पाटी पहिल्याच प्रश्नाला बाद होते.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या नावांबद्दल. आमच्या मराठी मुसलमानांची आडनावं पाहा. बागवान, तांबोळी, आतार, मणियार, पिंजारी, खाटीक, शिकलगार. हीसुद्धा लेबलंच आहेत. पण ती आमच्या धर्माबद्दल बोलत नाहीत. फळ, पान, अत्तर, बांगडी, कापूस, मांस, सुरीची धार यांबद्दल बोलतात. गावानं ही नावं दिली ती कामाची ओळख म्हणून. बागवानाचं फळ सडकं निघालं तर पुढच्या बाजारच्या दिवशी त्याला त्याच जागी, त्याच गिऱ्हाइकासमोर बसायचं असायचं. नावाला जबाबदारी चिकटलेली होती. आज पाकिटावर त्या जागी परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि कुठल्याशा औद्योगिक वसाहतीचा पत्ता असतो. त्याला जाब विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही, ती लावून घेतली पाहिजे. आणि आपल्यातले जे आजही विकायला बसतात, फळांच्या गाळ्यावर, बेकरीत, मटणाच्या दुकानात, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न याहून सोपा आहे. त्यांच्या पाटीवर कोणतं नाव आहे यावरून जग त्यांना आज पारखू पाहत असेल. त्याला त्यांच्याकडं उत्तर एकच आहे, आणि ते फार जुनं आहे. ओलं असेल ते वर ठेवावं.